भेटीच्या रकान्यात मी ‘बंद’ लिहिलं

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र आज लिहायला घेतलं. रागावू नका. आत्ताच नार्नूरहून आले. बसमधून उतरले ती सरळ दुकानातच येऊन बसले, घरापर्यंत जायचं त्राणच नव्हतं. रविवारी आपल्या ट्रस्टची बैठक आहे. तिथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती तुमच्या आधी दुसऱ्या कोणाला सांगणं मला बरं वाटेना.

खरं सांगू? दमले मी, बाबा. दुकान सोपं होतं हो! पाइप फुटका निघाला तर बदलून द्यायचा, संपलं. हे देण्याचं काम फार अवघड निघालं. हायवेकडची जमीन विकून तुम्ही मोठ्या मनानं ट्रस्ट काढलंत, पण जाताना एवढंच म्हणालात, "मालू, तू पाहशील." काय पाहू? कसं पाहू? तेवढं सांगायला अजून चार दिवस राहिला असता तर काय बिघडलं असतं?

तुमची पद्धत आठवते मला. ट्रस्ट नव्हतं, नुसतं गल्ल्यातून देत होतात, तेव्हापासूनची. कोणी मागायला आलं की चहा पाजायचा, त्याची दरखास्त गादीखाली सरकवायची आणि "पाहू" म्हणायचं. मग एखाद्या सकाळी कोणाला न सांगता बस धरून तिथं जायचं. अध्यक्षाच्या आधी स्वयंपाकाच्या बाईला भेटायचं, प्यायला पाणी मागायचं, पोरांना विचारायचं की काल काय जेवलात. आई म्हणायची, "संस्था पाहाले जाता का सुधीरसाठी पोरगी पाहाले जाता?" तुम्ही म्हणायचे, "दोन्हीकडं फसलं का जन्माचं फसते."

बोथ गावाकडच्या त्या वसतिगृहाची गोष्ट तर तुम्ही किती वेळा सांगितली! तुम्ही आल्याचं कळलं तसा अध्यक्षांनी धावत हार आणला, आणि तुम्ही तोच हार पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या गळ्यात घालून आलात. पुढं तुम्ही त्यांना मदत केली, तीसुद्धा त्या बाईला विचारून. आम्ही हसायचो नुसते. शिकलो काहीच नाही.

तुम्ही गेलात आणि माझं काय झालं ते ऐका. लग्नाला गेले तर लोक हात धरून बाजूला नेतात, "मालूताई, आमच्या मंडळाचं जरा पाहा." भाजी घ्यायला गेले तर भाजीवालीचा जावई संस्था काढून बसलेला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी काही बोलले की आता सगळे हसतात, बाबा. माझ्या विनोदाला जन्मात कोणी हसलं नव्हतं. पहिल्या वर्षी यांचा चुलतभाऊ दुकानात दोन तास बसून राहिला, मला नाही म्हणवलं नाही, त्याच्या मंडळाला वाचनालयासाठी म्हणून दिलं. त्यांनी भोंगे आणले. पुस्तक एक नाही! दसऱ्याला आपल्याच गल्लीत ते भोंगे वाजत होते आणि मी कान धरून आत बसले होते.

मग सुधीरनं हैदराबादहून फॉर्म पाठवला. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. किती वर्षांचा अनुभव, किती लोकांना लाभ, काय बदल झाला, तो कसा मोजला. प्रत्येक रकान्याला मार्क. आधी मला रागच आला, म्हटलं, हा तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकतो! तर तो फोनवर म्हणाला, "ताई, बाबांचं चालून गेलं. आता नियम कडक आहेत. उद्या कोणी विचारलं याला का दिलं, त्याला का नाही, तर काय सांगशील? मनाला वाटलं म्हणून?" भोंग्यांनंतर मी कोणत्या तोंडानं भांडणार होते? तो चुकीचं बोलत नव्हता, बाबा. अजूनही मला तसंच वाटतं.

आणि एक लाजेची गोष्ट सांगते. फॉर्म आला तसं मला फार हलकं वाटलं. आता नाही म्हणायचं काम माझं राहिलं नव्हतं. फॉर्मच नाही म्हणणार! मार्क कमी पडले की दोन ओळींचं छापील पत्र जायचं, "या वर्षी शक्य नाही, क्षमस्व," खाली माझी सही. कोणाचं तोंड पाहायला नको, चहा नको, काही नको. मोठमोठ्या शहरांतल्या संस्थांचे अर्ज यायला लागले, चकचकीत फोटो, रंगीत आलेख. मी सगळे नीट फायलीत लावले. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

त्याच फायलीत नार्नूरच्या सुमनबाईंचं पत्र होतं. फॉर्म कोरा, आणि त्याला टाचणीनं लावलेलं वहीचं एक पान. "घर चालू आहे. या वर्षी बाया जास्त आल्या. तुमी येऊन पाहावं. जय भीम."

सुमनबाई तुम्हाला चांगल्या माहीत, पण मला तेव्हा नुसतं नाव माहीत होतं. सरकारी नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आतल्या गुड्यांवरच्या, रानातल्या आदिवासी वस्त्यांवरच्या, बायांचे दिवस भरत आले की त्यांनी तिथं येऊन राहायचं, पोटभर जेवायचं, आणि कळा सुरू झाल्या की सुमनबाईंनी गाडी करून त्यांना दवाखान्यात न्यायचं. एवढंच काम. भाडं आणि धान्य तुमच्या ट्रस्टचं. लाभार्थी किती, बदल कसा मोजला, यातलं त्यांनी एक अक्षर भरलेलं नव्हतं.

तरी मी सुधीरला म्हटलं, बाबांची एक रीत आपण ठेवू. न सांगता जाऊन पाहायचं. मोठ्या टेचात म्हणाले! उन्हं तापायला लागली होती, एक दिवस भाड्याची गाडी केली आणि नार्नूरला गेले. दाराला कुलूप. हाक मारली, ओ नाही. शेजारीही कोणी दिसेना. दहा मिनिटं थांबले असेन. उटनूरला दुसरी एक संस्था पाहायची होती, ड्रायव्हर घाई करत होता. मी मोबाईलवर कुलपाचा फोटो काढला आणि गाडीत बसल्याबसल्या प्रत्यक्ष भेटीच्या रकान्यात एक शब्द लिहिला. बंद.

त्या रकान्याचे मार्क सगळ्यात जास्त होते. सुमनबाईंना शून्य पडलं आणि दोन ओळींचं पत्र गेलं. माझ्या सहीचं.

मला वाटलं तुमचीच रीत पाळली. छातीठोकपणे वाटलं!

गेल्या आठवड्यात जंगू नावाचा एक पोरगेला शेतकरी दुकानात आला, नार्नूरच्या आतल्या गुड्यावरचा. मोटारीचा व्हॉल्व्ह पाहिजे होता. मी सहज म्हटलं, "नार्नूरचे का? तिथं सुमनबाईंचं घर होतं ना?" तो म्हणाला, "होतं ना. बंद पडलं. शेटजी गेले, मंग त्याईच्या पोरीनं बंद केलं म्हन्ते." त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मग आपल्या आपण सांगत बसला. बायकोचे दिवस भरले, राहायला जागा नाही म्हणून गुड्यावरच थांबले, पावसात नाला भरला, आणि ऑटोतच, रस्त्याच्या कडेला, ती बाळंत झाली. "मी चादर धरून उभा व्हतो बाई. मले काय समजते त्यातलं?" मी व्हॉल्व्ह पिशवीत घातला. बाळ बरं आहे का, एवढं कसंबसं विचारलं. बरं आहे, बाबा. आईसुद्धा बरी आहे. पण त्यात आपली पुण्याई काडीची नाही.

म्हणून आज गेले. बसनं गेले.

सुमनबाई स्वतःच्या घरी तूर पाखडत बसल्या होत्या. त्या दोन खोल्यांत घरमालकानं आता खताची पोती भरलीत. मी नाव सांगितलं तर उठल्या, "जय भीम ताई, या," म्हणाल्या, पाणी दिलं, चहा टाकला. एक शब्द वाकडा नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! मीच धीर करून म्हटलं, "मी मागं आले होते. कुलूप होतं."

"मंग असंन," त्या म्हणाल्या. "एकच बाई असली अन् तिले दवाखान्यात न्यायचं असलं, तर मांगं कोन राह्यते? मी एकटी. कुलूप लावूनच जाईन ना."

एवढं सोपं होतं, बाबा. शेजारच्या कोण्या पोरालाही ठाऊक असेल. फक्त ट्रस्टच्या मुख्य विश्वस्त बाईंना ठाऊक नव्हतं!

मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचे बाबा पह्यल्यांदा आले, तवाबी कुलूपच व्हतं. ओट्यावर बसून राह्यले. दुपारी आले ते दिवस मावळेपर्यंत. मी आली तं म्हन्ले, बाई, जेवली का? मी म्हन्लं नाही. तं म्हन्ले, पह्यले जेवून घे, मंग बोलू. अन् बोलले काहीच नाही. दुसऱ्या महिन्यापासून भाडं सुरू झालं."

हे काऊन नाही सांगितलं मला? सांगा ना! न सांगता जायचं, हे तुम्ही शंभरदा सांगितलं. कुलूप दिसलं तर बसून राहायचं, हे एकदाही नाही. अर्धी विद्या देऊन गेलात आणि मी ती पुरी समजून मिरवली. का तुम्हाला वाटलं की बसून राहणं काय, कोणालाही सुचेल? मला नाही सुचलं. तुमच्या पोरीला नाही सुचलं, बाबा.

मी त्यांची माफी मागितली. रडू आलं, लपवलं नाही. म्हटलं, घर पुन्हा सुरू करा, भाडं, धान्य, गाडी, सगळं ट्रस्ट पाहील, फॉर्म मी स्वतः भरीन, तुम्ही नुसतं बोला, मी लिहीन. त्यांनी पुन्हा सूप हातात घेतलं. मग म्हणाल्या, "एक आठ महिन्याची हाये, आतल्या गुड्यावरची. तिले तुमची मीटिंग थोडी समजते? तिले तं मी उद्या घरीच आनून राह्यली. माझ्या खाटंवर झोपंन."

म्हणजे आपण नसलो तरी त्यांचं काम थांबणार नव्हतंच. आपण फक्त ते अवघड करून ठेवलं होतं.

"पन घर पाह्यजे," त्या म्हणाल्या. "एकीले जमते, चौघींले नाही जमत. मांगच्या गल्लीत दोन खोल्या हायेत. तुमी देत असान तं घेईन. फक्त मांगची पाटी नाही लावनार."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली पाटी दाखवली. पुसून ठेवलेली, कापडानं झाकलेली. तुम्ही पेंटरकडून रंगवून घेतली होती ना, वर मराठीत, खाली तेलुगूत, आईचं नाव. आई गेल्यावर ट्रस्ट तुम्ही काढलंत तेच तिच्या नावानं, आणि म्हणायचे, जिथं कोणाला पोटभर जेवण मिळेल तिथं हिचं नाव लागलं पाहिजे.

"रागावू नका ताई," सुमनबाई म्हणाल्या, "तुमच्या आईचं नाव चांगलंच व्हतं. पन पाटी व्हती म्हनून बाया म्हनत, शेटजीचं घर. तुमचं पत्र आलं तं म्हन्ल्या, शेटजीच्या पोरीनं बंद केलं. मले कोनी इचारलंच नाही का बाई, तू दमली का. मी दमली नव्हती. आता ते घर असं पाह्यजे का कोनाच्या एका कागदानं बंद नाही पडलं पाह्यजे. बायाईचं घर म्हनू. बस."

मी हो म्हणाले. तुम्हाला न विचारता, सुधीरला न विचारता, तिथंच पाटावर बसून हो म्हणाले.

सुधीर रविवारी ऐकणार नाही, ठाऊक आहे मला. म्हणेल, ताई, मग फॉर्मचा उपयोग काय. आणि सगळेच सुमनबाई नसतात, हेही तो म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. भोंगेवालेही आहेतच की! मला सगळ्याची उत्तरं नाहीत, बाबा. फॉर्म राहू द्या म्हणेन. पण ‘बंद’ मी लिहिलं होतं, माहीत नसताना लिहिलं होतं, आणि त्यापायी एक बाई रस्त्यावर बाळंत झाली, हे बैठकीत सगळ्यांसमोर सांगेन. ते वहीत लिहून घ्या म्हणेन.

आणि तुम्हाला शब्द देते. इथून पुढं ज्याला नाही म्हणायचं त्याच्या दारात मी स्वतः जाईन, तोंडावर नाही म्हणेन आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून मगच उठेन. गुडघे दुखतात, पण जाईन. मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या रविवारी मंजूर करूनच उठेन, आणि त्यांच्यावर कोणाचं नाव लागणार नाही.

ती पाटी मी आज घरी आणली, बाबा. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. आता इथं काउंटरला टेकवून ठेवलीय, कापडासकट. काढून बघायची हिंमत होत नाही.

आईला तेवढं तुम्हीच समजावून सांगा.

तुमची,
मालू