गिरणी बंद असेल त्या दिवशी

५ मार्च
ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

बाबांच्या पोटदुखीबद्दल तू लिहायचं टाळतेस, म्हणून जास्तच काळजी वाटते.

आकाशातून रेडिओलहरी येतात म्हटलं की इथे साहेब हसतात. माझ्या रिसीव्हरवर रोज उमटणारा आवाज पलीकडच्या गिरणीच्या मोटारींचा, असं त्यांचं ठाम मत. गिरणी वर्षातून एकदाच पूर्ण बंद असते, येत्या वीस तारखेला. त्या दिवशीही आवाज आला तर तो आकाशाचा. नाही आला, तर मैदानातली माझी सगळी एरियलं उतरवणार आहेत. बाबांना हे वाचून दाखव. त्यांनाच यातली गंमत कळते.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
धाकटी

१२ मार्च
चि. धाकटीस अ. आ.

पत्र वाचून दाखवलं. ही पोरगी मैदानभर तारा बांधून कपडेच वाळत घालत असेल, असं मी म्हणाले, तर बाबा पोट धरून हसले आणि मग कळ आली म्हणून गप्प पडून राहिले. आता लपवत नाही. पोटात गाठ आहे. ऑपरेशन नेमकं वीस तारखेला ठरलंय. तुला कळवायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद आहे. पण न कळवता काही बरंवाईट झालं तर तू मला माफ करशील का? ये म्हणवत नाही, नको येऊस असंही म्हणवत नाही.

तू कुठेही असलीस तरी माझी माया तिथे आहे.
ताई

२० मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

काल बॅग घेऊन स्टेशनवर गेले होते. गाडी आली आणि पाय उचलेना. हा रिसीव्हर माझ्याशिवाय कुणाला दाद देत नाही. परत फिरले.

आज गिरणीचा भोंगा वाजला नाही. साहेब स्वतः खुर्ची ओढून बसले. दुपारी रिसीव्हरला जोडलेली लेखणी कागदावर आवाजाची रेघ ओढते ती हळूहळू चढू लागली. आवाज आला, ताई. साहेब उठून उभे राहिले. मला मात्र आनंदच होईना, सगळा जीव तिकडे. असेल ते लगेच कळव. रागावली असशील तर तेही लिही, पण लिही.

धाकटी

२० मार्च
चि. धाकटीस अ. आ.

ऑपरेशन झालं, गाठ काढली. डॉक्टर म्हणतात, हे चार दिवस निघाले की निभावलं. तू आली नाहीस म्हणून सकाळी मी फार चिडले होते, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. पाणी मागतील असं वाटलं. तर म्हणाले, "गिरणी बंद होती ना? आवाज आला का?"

मला काय माहीत? पण त्यांचा चेहरा बघवेना. "आला," म्हणून टाकलं. समाधानाने झोपले. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

चिडले तरी लोभ तसाच आहे. खरं काय ते लवकर कळव. आवाज आला नसेल, तर ते बाबांना सांगायला तूच ये.

ताई