बोनेटवरची हळद

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिपेशने आज पुन्हा बोनेटवर कोकम सरबत ओतलं!

गिऱ्हाईक मुंबईचं. किहीमला बंगला, रो-रो बोटीतून उतरून थेट आमच्याकडे. मोबाईलचा कॅमेरा आधीच चालू. सरबताचे थेंब घरंगळून खाली गेले आणि आमचा हा मालक ओरडला, "बघा साहेब! हिरा हाय हिरा! नाइन एच!"

नाइन एच ही पेन्सिलची कठीणता. त्या नंबरची पेन्सिल घासली तर ओरखडा उठत नाही, एवढंच. हे मी त्याला नोकरी धरल्या धरल्या सांगितलं होतं. "मॅडम, गिऱ्हाईक पेन्सिल घ्यायला आलाय काय?" — आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. पेणकडचा माणूस, आधी डंपर चालवायचा, आता अलिबागला 'कार स्पा'. माझ्या सरफेस कोटिंगच्या पदवीची झेरॉक्स फ्रेम करून काउंटरमागे टांगली आहे. त्याने! मी नाही.

गिऱ्हाईकाने विचारलं, "म्हणजे आता धुवायला नको ना?" मी म्हटलं, धुवावी लागेल. त्याचा चेहरा पडला, दिपेशने डोळे वटारले. हे कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर केसाहून कितीतरी पातळ थर. पाणी ठरू देत नाही, खाऱ्या वाऱ्याला थोडं अडवतो. यापलीकडे काही नाही. पण खरं ऐकायला कोणी गाडी घेऊन येत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला पूजलेल्या गाड्यांची रांग. हळद, कुंकू, वायपरखाली कुजलेला झेंडू. पुढच्या काचेवर तेलाची बोटं! तेलावर कोटिंग धरत नाही. देवाच्या तेलावरही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

ऋत्विकच्या आईचा फोन. शिवानीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, त्याच्याशी साखरपुडा पुढच्या रविवारी, आमच्या नागावच्या घरी. "गाडी पाठवते हो नेत्रा तुझ्याकडे. रंगाला, काचेला, सगळीकडे लाव ते तुझं. एक ओरखडा नाही हो गाडीला, नुसती चमकव. तू घरचीच, मग बाहेर कशाला द्यायची?"

घरचीच. म्हणजे फुकट.

ऋत्विकबद्दल मत बनवण्याइतकं त्याच्यात काही नाही. अक्षीला वडिलांचं होमस्टे. केसांना जेल. पर्यटकांना 'ब्रो' म्हणतो. शिवानी तिथे बुकिंगचं काम बघायला लागली आणि वर्षभरात हे. आई खूश, पप्पा खूश. मला विचारलं तेव्हा मी 'ठीक' म्हटलं. शिवानी म्हणाली, "ताई, तुझं ठीक म्हणजे शिवी असते." हुशार मुलगी. तरीही हा!

६ ऑक्टोबर, सोमवार

एक गृहस्थ भांडायला आले. गेल्या महिन्यात काचेला कोटिंग करून घेतलं होतं. दिपेशने सांगितलं, "आता वायपरची गरज नाय." गृहस्थांनी वायपर खरोखर काढून ठेवले! तसेच हरिहरेश्वरला निघाले, सहकुटुंब. घाटात पाऊस. आता थेंब घरंगळायला गाडीला वेग लागतो, आणि घाटात वेग कुठला? थेंब बसले काचेवर तसेच. बायको खिडकीतून हात काढून फडक्याने काच पुसत होती म्हणे.

सांगणारा मूर्ख, ऐकणारा त्याहून मूर्ख. मी वायपर परत बसवून दिले. माफी दिपेशने मागितली — "साहेब, तुमची बायको लय हिमतीची!" साहेब हसले! भांडण संपलं. या लोकांना फसवायला कष्ट पडतच नाहीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ऋत्विकची गाडी आली. पांढरी. दसऱ्याची दोन स्वस्तिकं, एक बोनेटवर, एक डिकीवर. एकाच वाटीतली हळद, एकाच बाईचं बोट. गाडी धुतली. डिकीवरचं गेलं. बोनेटवरचं गेलं नाही. दुसऱ्यांदा धुतली, हाताने पुसलं. पिवळं स्वस्तिक आत मुरलेलं, तसंच.

कंपनीतला रंग भट्टीत भाजलेला असतो. चार-पाच दिवसांची हळद त्यात शिरत नाही. गॅरेजमध्ये नुसत्या हवेवर वाळवलेला रंग मात्र कित्येक आठवडे मऊ राहतो. तो हळद पितो. म्हणजे बोनेट अलीकडेच रंगवलंय. "एक ओरखडा नाही हो गाडीला." विचारलं नव्हतं मी!

चला. होणारे जावईबापू लपवाछपवी करतात. आश्चर्य नाही. निराशाही नाही — त्यासाठी आधी अपेक्षा लागते.

८ ऑक्टोबर, बुधवार

रंगाच्या थराची जाडी दाखवणारं मीटर लावलं. दरवाजे, छप्पर, डिकी: सगळीकडे शंभर-सव्वाशे मायक्रॉन. बोनेटची डावी बाजू — साडेपाचशे! खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. चेपलेला पत्रा ठोकून वर काढला, लांबी थापली, रंग मारला. पुढची काचही बदललेली. कोपऱ्यातला छाप बाकीच्या काचांहून वेगळ्या कंपनीचा, आणि यंदाचा.

बंपर शाबूत. जाळी शाबूत. झाडाला, भिंतीला ठोकली तर आधी बंपर जातो. बंपर सोडून बोनेट चेपतं आणि काच फुटते, तेव्हा समोरचं उंच असतं. आणि मऊ.



नीराबाई. रेवदंड्याची कोळीण. मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या दारात मासळी आणते. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यात जायला लागल्या त्या दिवसांत, पहाटे चौलच्या वळणावर तिला गाडीने उडवलं. पांढरी गाडी, एवढंच एका दूधवाल्याने लांबून पाहिलं. खुब्याचं हाड मोडलं. गाडी सापडलेली नाही.

पांढऱ्या गाड्या हजार असतील. हा पुरावा नाही, शक्यता आहे. पण मी काम थांबवलं. कोटिंगच्या आधी बफिंग, म्हणजे मशीनने रंग घासणं, करावं लागतं, बफिंगने डाग जाईल, रंगाचा जोड सपाट होईल, वर चकचकीत थर बसेल. मग कोणीही बघितलं तरी गाडी निर्दोष. आणि ती निर्दोष करणार कोण? तर घरचीच!

९ ऑक्टोबर, गुरुवार

रेवदंड्याला जाऊन आले. नीराबाई ओटीवर खाटेवर पडलेली, आणि पडल्या पडल्या सुनेला झापत होती, बोंबील वाळत घातलेत ते फार दाटीने म्हणून. मला बघताच सुरू: "आलीस गो बाय? मासली कोनाकरशी घेता आता? त्या सोनाबायकरशी? शिली असते तिची! डोला बघत जा माशाचा, डोला!"

मी विचारलं, त्या दिवशीचं काही आठवतं का.

"काय आठवाचा? मागशी आली, मना उरवली, गेली. थांबली पन नाय. मी गटारान, न् पापलेटा रस्त्यावर. कुत्र्यांनी खाल्ली गो ती! एवरी मोठी पापलेटा, कुत्र्यांनी!" हसली. सूनही हसली.

डॉक्टरांनी सांगितलंय, डोक्यावर टोपली पुन्हा नाही. काठी घेऊन न्हाणीपर्यंत गेली तरी पुष्कळ. पोलीस दोनदा येऊन गेले. गाडी मिळाल्याशिवाय त्यांचंही पुढे सरकत नाही. निघताना माझा हात धरून ठेवला. हाताला अजून मासळीचा वास आहे.

"गारी मिलाली तं तो मानूस मना बघाचाय. मारनार नाय. नुसता बघाचाय."

येताना तिच्या सुनेने सुक्या बोंबलांची पुडी दिली. नको म्हणता आलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ऋत्विक संध्याकाळी आला. जेल, अत्तर, सगळं जागच्या जागी. "झालं का नेत्राताई? मम्मी सारखी विचारतेय."

"बोनेटला काय झालं होतं?"

"ते... सुरूच्या झाडाला घासली. पार्किंग करताना."

"झाड बंपरवरून उडी मारून काचेवर आलं?"

मी मीटर लावून आकडे दाखवले. मग म्हटलं, "चौलचं वळण."

त्याने नाही म्हटलं नाही! तिथेच पायरीवर बसला. पांढरी पँट, ग्रीसचा डाग पडला, त्याला कळलंही नाही. "ताई, शिवानीला काही विचारू नका. प्लीज. जे काय आहे ते माझ्यावर."

बायकोच्या पदराआड, आणि ती अजून बायको झालेलीही नाही! तिला कळू नये, लग्न मोडू नये, एवढीच चिंता. मी विचारलं, ती बाई जिवंत आहे हे तरी माहीत आहे?

"माहीत आहे. मी दोनदा हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेलो होतो."

दारापर्यंत! केवढं धाडस! मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. कणाच नाही या माणसाला. ओरडला असता तर थोडा तरी मान दिला असता मी.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिपेशला सांगितलं, मी या गाडीला कोटिंग करणार नाही, कोणी करायचंही नाही. कारण सांगितलं.

तो आधी दार लावून आला. "मॅडम, आपन कोटिंगवाले. पोलीस हाव काय? मी मारतो बफिंग. चार हात फिरवले का हलद बिलद सगली जाते."

"आणि खालचं?"

"खालचा कोन बघतो?" मग आवाज खाली आणून: "अगो बाय, तुजे भयनीचा साकरपुरा हाय उद्या. डोका फिरला का तुजा?"

पहिल्यांदाच 'मॅडम' सोडून 'बाय' म्हणाला. त्याला खरंच माझी काळजी वाटत होती, हे सगळ्यात किळसवाणं. धंदा सांभाळणं मला समजतं. सहानुभूती म्हणून पुरावा पुसणं समजत नाही.

त्याने मशीनची वायर सोडवायला घेतली. मी हुकवरची चावी काढली, गाडीत बसले आणि सरळ नागावला घेऊन आले. वाडीत माडांखाली उभी केली, वर ताडपत्री. त्याआधी आई फिरून फिरून बघून गेली: "काय चमकतेय गं! पैसे देऊन करतात ते उगाच नाही." कोटिंगचा थेंबही लावलेला नाही गाडीला!

पोलीस ठाण्यात काय बोलायचं ते ठरवलं. चार वाक्यं. ही गाडी पुढून ठोकली गेली आहे, ही तिची मोजमापं. दुरुस्ती ऑगस्टनंतरची आहे. गाडी ऋत्विक चालवत होता. त्याने माझ्यासमोर ते नाकारलं नाही. एवढंच. रडणं नाही, शिव्या नाहीत. पाठ झालंय.

आधी शिवानीला सांगायचं. सकाळी, पाहुणे यायच्या आत. रडेल. रडू दे. अशा माणसापासून सुटली म्हणून पुढे कधीतरी आभारच मानेल माझे.

१२ ऑक्टोबर, रविवार

शिवानीच्या केसांत गजरा माळताना सांगितलं.

रडली नाही. आरशातच बघत राहिली. "तो मला गाडी शिकवत होता, ताई. पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून. तो म्हणाला थांब. मी नाही थांबले."

बाहेर खुर्च्या मांडतायत.

चारही वाक्यं अजून पाठ आहेत. एक नाव तेवढं बदलायचं आहे. जमत नाहीये.