हरलेल्या आईची मतं

धारणी, बुधवार

ती. आईस,

मुक्ताचा नमस्कार, आणि थोडी शाबासकीही.

मी बरी आहे, शाळाही ठीक चालली आहे. इथे दोन दिवस रेंज नाही, म्हणून हे पत्र अकोटच्या जीपवाल्याजवळ देते.

जिल्हा परिषदेला तू दोनशे बारा मतांनी पडलीस. शेजारच्या गटात आपल्याच पक्षाचे देवरावकाका अकराशेंनी निवडून आले. परवा फोनवर बाबा म्हणाले, "आपल्या गटातल्या लोकायले पक्षाची हौसच नाही राहिली."

मला रागच आला. शाळा सुटल्यावर फळ्यावर आकडे मांडले. दोन्ही गटांत मतदान सारखंच झालं. काकांना चार हजार मतं पडली, पण समोर पाच जण होते, बाकीची मतं त्यांच्यात फुटली. तुझ्यासमोर एकटाच होता, तरी तुला सहा हजार दोनशे! मागच्या वेळी आपल्या गटात पक्षाला सतराशे पडली होती. मग हौस कुठे जास्त? गुडघ्याला पट्टा बांधून तू दारोदार फिरलीस, त्याची ही मतं आहेत.

गुडघा कसा आहे? शेजारची अबोली सांगत होती, निकालापासून तू घराबाहेर पडली नाहीस. जेवतेस ना नीट?

रविवारी अकोल्यात निवडून आलेल्यांचा सत्कार आहे. हा कागद बाबांना वाचायला दे आणि त्यांना घेऊन जा. मागच्या खुर्चीवर बसू नकोस. काकांपेक्षा बावीसशे माणसं तुझ्याकडे जास्त आहेत.

त्यातलीच एक, मत द्यायला धारणीहून आलेली,
तुझी मुक्ता