खळीला धरलेला लाल

मंगळवार, संध्याकाळ

मार्थाबाईंचे लाल तळहात डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आज नागापूरच्या कारखान्यात, आम्ही छापलेल्या सुती चादरी धुताना लाल रंग भसाभस निघाला. मालक ओरडत आले. मी लगेच म्हणाले, "धुण्यात काहीतरी चुकलं असणार." धुण्यावर मार्थाबाई असतात. शाई मी बनवते.

शाई दाट करायची शेवाळाची पावडर काल संपली होती. कुणाला न विचारता मी मक्याच्या स्टार्चची खळ घातली. हा रंग सुताला धरतो तसा खळीलाही धरतो, आणि खळ त्याला आधी भेटते. चादरीपर्यंत पोचला कुठे तो? खळ धुतली गेली, तिच्याबरोबर रंगही गेला. नव्या लोकांना हे शिकवते कोण? मीच! मग खरं सांगायला तोंड का उघडलं नाही?

मार्थाबाई ते लाल तळहात पदराला घासत मालकांना म्हणाल्या, "व्हय साहेब, माझंच चुकलं असंल. बाईंना लई कळतं त्यातलं."

कळतं हो, मार्थाबाई. तुम्ही बोलत होता तेव्हाही सगळं कळत होतं.