उंबरा

ब्रह्माघाट, वाराणसी
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

चि. केयूर यास,

अनेक आशीर्वाद. हिमानीलाही सांग. तिचा खोकला गेला का? नसेल तर ज्येष्ठमध उगाळून मधातून दे, सारख्या गोळ्या नकोत.

इकडे सगळं ठीक. श्रीनिवासांची या आठवड्यात दिवसपाळी आहे, त्यामुळे स्टेशनवरून वेळेवर घरी येतात. थंडी उतरली. चौकातला मलइयोवाला आता ऊन वर यायच्या आत टोपली आवरतो, दुधाचा फेस टिकत नाही म्हणतो. गंगा पार आत गेली आहे. समोरची रेती इतकी मोकळी झालीय की आपल्या गच्चीवरून तुझे बांबूचे गोलपोस्ट स्पष्ट दिसतात. त्यातला डावीकडचा बांबू कलला होता. सुनैनाच्या वडिलांनी नाव बांधून आल्यावर तो सरळ केला आणि खाली दगड ठोकले.

ताई फोन सोडून पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू मला हसवतोस रे. मी हसते, आणि जे विचारायचं ते राहून जातं. म्हणून आज कागद घेतला.

आवळ्याचं लोणचं तुझ्या वाटणीचं बरणीत काढून ठेवलं आहे. अजून पाठवलेलं नाही.

रविवारी आपल्या पोरींची रामनगरशी फुटबॉलची मॅच झाली. आपण हरलो, ते रुचाने तुला फोनवर सांगितलंच. मी तिथे गेले होते हे तिने सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. परक्या मैदानावर मी कधी जात नाही हे तुला ठाऊक. ते तुझं काम असायचं. पण दिवाळीनंतर तू म्हणालास की ऑफिसच्या चंदौलीच्या शाखेत बदली झाली, रविवारीसुद्धा बोलावतात, आता पोरींना वेळ देता येणार नाही. तेव्हा रेतीवर सगळ्या कशा रडल्या होत्या! सुनैना तर तुझ्या स्कूटरची चावी घेऊन पळाली होती. मग मीच म्हटलं, मामा नाही तर मामाची ताई जाईल.

राजघाटच्या पुलावरून पडाव चौक, आणि तिथून टोटो रिक्षा करून रामनगर. पोरी पुढच्या टोटोत गाणी म्हणत होत्या. मागच्यात मी, सुनैनाची आई आणि संत्र्यांची पिशवी. घाटाच्या संघाचे पाठीराखे म्हणून आम्ही एवढेच.

त्यांचं मैदान सुंदर आहे. सपाट, कडेने चुन्याची पांढरी रेघ, गोलला खरी जाळी. आम्हाला बसायला कोपऱ्यात विटांच्या थप्पीजवळ एक ताडपत्री दिली. बाकी तिन्ही बाजूंना त्यांची माणसं, दोन ढोल आणि एक भोंगा. आपल्या पोरी मैदानात उतरल्या तसा एक जण ओरडला, "अरे, घाट वाली लोग आ गइलीं! आरती कब होई?"

सगळं मैदान हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुनैनाची आई उठून उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "जब तोहरे गोल में घंटा बजी, तब!"

यावर तेच लोक टाळ्या पिटून हसले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला चहा पाठवला. परक्या मैदानावर बसण्यात एक वेगळीच गंमत असते हे मला तेव्हा कळलं. आपली माणसं कोण, याचा जरासुद्धा घोटाळा नसतो. ताडपत्रीवर बसलेली ती आपली, बाकी सगळी त्यांची. मी सुनैनाच्या आईच्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. रुचा मागे उभी राहून खेळ सांभाळत होती, अगदी तू शिकवल्यासारखी. "पाट!" म्हटलं की चेंडू जमिनीलगत, "शिंकाळं!" म्हटलं की उंच, डोक्यांवरून. भोजपुरी बोलणाऱ्या पोरींच्या तोंडी आपल्या स्वयंपाकघरातले शब्द ऐकून मला दर वेळी हसू येतं. अण्णांनी आपल्याला शिस्त लावली होती, बाहेर हिंदी, आत मराठी. ती आतली भाषा तू मैदानावर नेलीस. "ताई, सगळ्या बनारसमध्ये आपलं कुलूप कुणाला उघडता येणार नाही," म्हणाला होतास. मला किती कौतुक वाटलं होतं तुझं.

आणि तो तिसरा शब्द.

आठवतं, ऑफसाइड मला कळेना म्हणून तू ओट्यावर वाट्या मांडल्या होत्यास? चार वाट्या म्हणजे आपल्या मागच्या पोरी. लिंबू म्हणजे त्यांची पुढे घुसणारी. ते चेंडू पुढे टाकणार, त्याच्या ऐन आधी चारही वाट्या एकदम पाऊलभर पुढे सरकवल्यास. लिंबू मागे एकटं उरलं. "झाली ऑफसाइड! आता पंच शिटी मारणार." मी विचारलं, चौघींना एकाच वेळी पुढे सरकायचं कसं कळणार? तू क्षणभर विचार केलास आणि आईचा आवाज काढून ओरडलास, "उंबरा!"

मी पोट धरून हसले होते. कारण तू लहानपणी बगलेत चेंडू धरून नेहमी दाराच्या उंबऱ्यावर उभा राहायचास, अभ्यासाला आत येववत नसे आणि अण्णांच्या धाकाने बाहेर जाववत नसे. मग आई आतून ओरडायची, "उंबरा!" एवढा एकच शब्द. तू टुणकन उडी मारायचास. आई गेल्यावर तिचा आवाज आपल्या घरात पुन्हा ऐकू आला तो असा, रुचाच्या तोंडून, रेतीवर.

केयूर, मी हे सगळं लांबवते आहे ते मला कळतंय.

उत्तरार्धात त्यांची नऊ नंबरची पोरगी चेंडूची वाट बघत आपल्या मागच्या पोरींच्या अगदी लगत उभी होती. रुचा ओरडली, "उंबरा!" चौघी पुढे सरकल्या. आणि ती नऊ नंबरची थांबली. कुणी ओढणी धरून ठेवावी तशी जागच्या जागी थांबली, चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणून पंचाची शिटीही नाही. चेंडू तिला ओलांडून गेला आणि मागून, कुठून तरी खूप मागून, त्यांची सात नंबरची धावत आली. आपल्या चौघी पुढे सरकलेल्या. समोर गोलात एकटी सुनैना. गोल.

मला वाटलं, योगायोग.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच. रुचाचा शब्द, नऊ नंबरची थांबली, सात नंबरची धावली. गोल. ढोल वाजायला लागले. "आरती हो गइल!" असं कुणीतरी ओरडलं, आणि सुनैनाची आई संत्र्यांची पिशवी आवरायला लागली. त्यानंतर रुचा ओरडलीच नाही. तोंड उघडायची आणि मिटायची. मी ताडपत्रीवरून बघत होते.

मॅच संपल्यावर मी हापशावर बाटली भरत होते. ती नऊ नंबरची पाणी प्यायला आली. रुचाएवढीच असेल. तिनेच माझ्यासाठी हापसा मारला.

"आंटी, आप लोग मराठी हैं न?"

"हाँ, बेटा."

"एगो बात पूछें? ई 'उमरा' का होता है?"

माझ्या बाटलीतून पाणी वाहून चाललं होतं. मी विचारलं, "ये शब्द तुमको किसने बताया?"

"सर ने. बोले थे, ऊ लड़की 'उमरा' चिल्लाए तो तुम वहीं रुक जाना, गेंद छूना भी मत. पीछे से सात नंबर जाएगी. हम मतलब पूछे तो हँस दिए."

"कौन सर?"

"केयूर सर. दिवाली के बाद से आ रहे हैं. बहुत बढ़िया सिखाते हैं. खाली आज नहीं आए, तबीयत ढीली है उनकी." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आप जानती हैं सर को?"

मी म्हटलं, "नहीं."

आणि केयूर, त्या क्षणी मला आपण खोटं बोललो असं वाटलं नाही.

पण तिचा प्रश्न राहिला होता, आणि पोरीने विचारलं तर सांगावं. म्हणून म्हटलं, "उमरा नहीं, उंबरा. घर की देहरी." तिने मान हलवून विचार केला आणि एकदम हसली. "अच्छा! देहरी पे रुक जाना था. तभी!" मग माझी बाटली माझ्या हातात देऊन पळत गेली.

येताना रुचा माझ्याच टोटोत बसली. पुलावर वारा लागला तेव्हा म्हणाली, "आई, मी लेट ओरडले. दोन्ही वेळा." मी तिला संत्रं सोलून दिलं. माझ्या मनात अजून तुझ्यासाठी पळवाट शोधणं चाललं होतं. हा दुसराच कुणी केयूर असेल. बनारसमध्ये मराठी घरं काय थोडी आहेत?

मग संध्याकाळी तुझा फोन आला. स्पीकरवर होता, मी पोळ्या करत होते.

"काय गं कॅप्टन, कशी झाली मॅच?"

"हरलो, मामा. माझ्यामुळे. मी लेट ओरडले बहुतेक."

मी लाटणं हातात धरून थांबले. तव्यावरची पोळी करपली, तरी मी उलटली नाही. मनात म्हणत होते, आता सांगेल. आता म्हणेल, नाही गं बाळा, तुझी चूक नव्हती.

तू म्हणालास, "होतं गं असं. पुढच्या वेळी अर्धा सेकंद आधी ओरड."

मैदानावर जे झालं ते मी कदाचित गिळलं असतं. हे अर्धा सेकंद मला गिळता येत नाही.

तुला दुसरा संघ शिकवावासा वाटला याचा मला राग नाही, खरंच नाही. त्याही पोरीच आहेत, आणि ती नऊ नंबरची किती छान खेळते. तिथे तुला खरं मैदान आहे, जाळी आहे. आणि तिथे तू 'सर' आहेस. इथे सगळ्या घाटाचा तू मामा. सुनैनाची आजीसुद्धा तुला मामा म्हणते. तुला कधी तरी सर व्हावंसं वाटलं असेल, हे मी पोळ्या लाटता लाटता समजून घेतलं. तू मला सांगितलं असतंस, तर मी स्वतः दह्याची कवडी हातावर ठेवून तुला पुलापलीकडे पाठवलं असतं. चंदौलीची बदली कशाला लागत होती मध्ये?

तू तुझा खेळ त्यांना खुशाल द्यायचास. तो तुझाच होता. पण तो शब्द आईचा होता. आणि तो देऊन तू स्वतः घरी बसलास, म्हणजे भाचीच्या समोर उभं राहायला नको.

काल सकाळी रुचा मला म्हणाली, "आई, तू माझ्याशी हिंदीत का बोलतेस?" तोवर मला कळलंही नव्हतं. उठल्यापासून मी तिच्याशी हिंदीतच बोलत होते. दूध गरम है, बाल बाँध लो. आतली भाषा ओठावर यायलाच भीत होती.

तिने दंडावरची कॅप्टनची पट्टी सुनैनाला देऊन टाकली आहे. रेतीवर जात नाही. खोलीचं दार लावून एकटीच उभी असते आणि हळू आवाजात "उंबरा, उंबरा" म्हणत टाळी वाजवते. शब्द आणि टाळी एकत्र येते का ते बघते. तिचा अर्धा सेकंद शोधते आहे ती, केयूर. तो कुठेच नाही हे या घरात फक्त मला माहीत आहे.

मी तिला सांगितलेलं नाही. श्रीनिवासनाही नाही. तुला वाचवायला नाही. पण हे तिला माझ्या तोंडून कळलं तर तिचा मामा तिच्यासाठी कायमचा संपेल. तुझ्या तोंडून कळलं तर ती चिडेल, रडेल, तुझ्याशी महिनोन्महिने बोलणार नाही, पण निदान स्वतःला दोष देणं थांबवेल. आणि तू पुढे येऊन सांगितलंस, एवढं तरी तिच्याजवळ राहील.

येत्या रविवारी महाशिवरात्र, म्हणून रामनगरच्या पोरी आपल्याकडे बावीस तारखेला येणार आहेत. त्या दिवशी कुठल्या बाजूला उभं राहायचं ते तू ठरव. त्यांच्या बाजूला उभा राहिलास तरी मी चहा पाठवीन. पण शिवरात्रीच्या आत घरी ये आणि रुचाला सांग की ती वेळेवर ओरडली होती. नाही आलास तर सोमवारी मी सांगेन. मग लोणच्याची बरणी हिमानीसाठी पाठवून देईन. तुला त्या निमित्तानेही यावं लागणार नाही.

आलास तर पूर्वीसारखा दारात घुटमळू नकोस, तोच चेहरा करून. आत ओरडायला आता आई नाही, म्हणून मी लिहिते.

उंबरा, केयूर.

आत ये, नाहीतर बाहेर हो.

रुचाची आई