रॅलेच्या पलीकडे

८ मार्च, शनिवार

आजचंही वाया गेलं. जेवण सोडलेल्या डॅडींसाठी ग्रीनव्हिलजवळच्या एका जुन्या दुकानातून आणलं होतं — मागे लाकडाचा ढीग बघूनच आत शिरले. ढीग नसेल तर तिथे डुक्कर गॅसवर भाजतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रात्रभर निखाऱ्यावर भाजलेलं अख्खं डुक्कर, बारीक चिरलेलं, व्हिनेगर आणि मिरची. डॅडींनी आयुष्यभर चर्चच्या जेवणावळींना हेच केलं.

तर डॅडींनी आधी सोबतच्या कोबीच्या कोशिंबिरीचा डबा उघडला. आत पाहिलं. झाकण लावलं. मग मांसाचा एक घास. "हे ते नाही."

"मग कुठलं डॅडी? नाव सांगा, मी आणते."

भिंतीकडे तोंड केलं. संपलं.

११ मार्च, मंगळवार

माझ्या बसमधल्या मुलांना शाळेत सोडलं, बस लावली आणि तशीच गोल्ड्सबरोला गेले. दुपारी मुलांना न्यायच्या आत परत. सगळी गाडी व्हिनेगरने घमघमत होती. कोबीचा डबा, झाकण, एक घास, भिंत.

डॅडींची मनगटं बघवत नाहीत. घड्याळ कोपरापर्यंत वर सरकतं.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टर म्हणाले, गिळण्यात काही दोष नाही, पोटातही काही नाही. "त्यांना खायचंच नाहीये." हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो! महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर अन्नासाठी पोटात नळी. सोमवारची, एकतीसची वेळ लिहून दिलीय.

डॅडी गाडीत म्हणाले, "नळी घातलीत तर मी ती ओढून काढीन, व्हर्ना." शांतपणे. पाऊस येईल म्हणावं तसं.

भाऊ ड्यूईचा फोन. "तू उगीच गावोगाव हिंडतेयस. म्हातारा हट्टाला पेटलाय." हट्टाला पेटला असता तर बरं झालं असतं. हे पेटलेलं नाहीये, हे विझत चाललंय. जानेवारीत डॅडींनी गाडी मागे घेताना शेजाऱ्याची टपालपेटी पाडली, तेव्हा ड्यूईने किल्ल्या काढून घेतल्या आणि गाडी स्वतःकडे नेली. तेव्हापासून डॅडी अंगणातसुद्धा उतरत नाहीत.

१९ मार्च, बुधवार

विल्सन गावातलं. तेही नाही.

२२ मार्च, शनिवार

आज पार किनाऱ्यापर्यंत गेले. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने विचारलं, "कुणासाठी नेतेस एवढं लांब?" मी डॅडींचं नाव सांगितलं. "लॉन्झो प्रिजेन? अगं, त्याच्या हातचं डुक्कर खाल्लंय मी. तो माझं खाणार?" पैसे घेईना. वर म्हणाला, "काय म्हणाला ते मात्र मला सांगू नकोस."

सांगण्यासारखं काही झालंच नाही. एक घास. मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेलं उभ्या उभ्या खाल्लं आणि रडले. इतकं सुंदर होतं ते! राज्याच्या पूर्वेला आता नाव घेण्यासारखं दुकान उरलं नाही. देवा, कुठे जाऊ मी?

२३ मार्च, रविवार

आज सगळी दुकानं बंद. ओलेटामावशीला फोन केला — आईची बहीण, तिकडे पश्चिमेला लेक्सिंग्टनला असते. नुसतं रडायला केला होता. बोलता बोलता म्हटलं, मांसाआधी कोबीच बघतात गं, दर वेळी.

मावशी हसायलाच लागली. "व्हर्ना, तुमच्याकडचा कोबी पांढरा ना?"

"मग कसला असणार?"

"आमच्याकडे लाल. टोमॅटोतला. तुझी आई त्याच्यावरच वाढली. आणि तुझे आईवडील दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुठे जायचे?"

"तुला भेटायला."

"माझ्या दारात उभे राहायचे, दहा मिनिटं. मग तडक इथल्या डुकराच्या दुकानात."

आमच्या घरात टोमॅटोच्या सॉसची बाटली कधी शिरली नाही. 'रॅलेच्या पलीकडचे लोक डुकराला केचपमध्ये बुडवून मारतात' — हे डॅडींचं चर्चमधलं ठरलेलं वाक्य, आणि आई खाली मान घालून हसायची. मी राज्यभर हिंडले असं म्हणते, पण राज्याच्या मध्यावरचं रॅले ओलांडायचं माझ्या मनातही आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

आई जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतरही दर महिन्याला एका शनिवारी ते "बियाणं बघायला" जायचे. संपूर्ण दिवस. बियाणं!

२७ मार्च, गुरुवार

बस दुसऱ्या बाईवर सोपवली. पहाटे निघाले. मावशीने सांगितलेलं दुकान सापडलं, मागे लाकडाचा ढीग बघितला — हिकरीचा, घरापेक्षा उंच. गल्ल्यावरच्या बाईने माझं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "पूर्वेची ना तू? आमचे एक आजोबा आहेत तिकडचे. हॅट घालून येतात, गाडीतच बसून खातात. नाताळानंतर आले नाहीत. बरे आहेत ना?"

"त्यांच्यासाठीच नेतेय," एवढंच म्हटलं. तिने कोबी जास्त घातला.

परतीच्या वाटेवर मी गात होते. खरंच गात होते.

डॅडींनी डबा उघडला. लाल. कितीतरी वेळ बघत राहिले.

"कुणी सांगितलं?"

"ओलेटामावशीने."

झाकण लावलं. "इथे नको." एक घासही नाही. एकसुद्धा! मी ओरडले — आयुष्यात पहिल्यांदा डॅडींवर ओरडले. म्हटलं, मग मरा. असं म्हटलं मी. त्यांनी माझा हात थोपटला आणि भिंतीकडे वळले.

आता माझ्याकडे काही उरलं नाही. सोमवारी नळी.

२८ मार्च, शुक्रवार

दिवसभर बस चालवताना तेच दोन शब्द. इथे नको. इथे नको.

संध्याकाळी ड्यूईकडे जाऊन डॅडींची गाडी मागितली. "वेडी झालीस? एवढा प्रवास? वाटेत काही झालं तर?" म्हटलं, घरात जे होतंय ते काय आहे? किल्ल्या टेबलावर आपटल्या त्याने. पण दिल्या.

२९ मार्च, शनिवार

डॅडींनी हॅट मागितली. रॅले मागे पडलं तसे ताठ बसले. दुकानासमोर मला झाडाखालची जागा दाखवली, तिथेच गाडी लावायला लावली. गल्ल्यावरची बाई धावत बाहेर आली. "आजोबा, दोन ना, नेहमीसारखे?" एक ट्रे त्यांनी मांडीवर घेतला, दुसरा माझ्याकडे सरकवला. पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"भयंकर आहे," म्हणाले. "पहिल्यापासून भयंकरच आहे."

"मग इतकी वर्षं का खाल्लंत?"

"शेजारी ती खात असायची."

आणि ट्रे चाटूनपुसून संपवला.