शेजारची खुर्ची

ती. वन्संना सविनय नमस्कार,

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? (औषध विकत आणलं की तुमच्या माहेरच्यांना निम्मं बरं वाटतं, हे मला लग्नानंतर लगेच कळलं.) आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक आहे आणि तुमचे बंधुराज क्रिकेटवर लिहीत आहेत.

त्यांना हल्ली फार अंधुक दिसतं. फोनवर सांगितलं नाही, कारण तेव्हा ते शेजारीच बसलेले असतात. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर बरंच दिसेल, उशीर केला तर आहे तेही जाईल. पण तारीख काही ठरत नाही आणि पेपरातलं सदर तर चालूच आहे. टीव्हीकडे बघून लिहायचं नाही, मैदानावर दिसेल तेच लिहायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. तेव्हा त्यांनी पत्रकारांच्या कक्षात शेजारी माझी खुर्ची मांडून घेतली. बायकोचे डोळे म्हणजे घरचेच, असं संपादकांना सांगितलं. संपादक त्यांच्याच हाताखाली शिकलेले, ते काय बोलणार?

आता मला क्रिकेटमधलं काय कळतं? दौऱ्याच्या बॅगा भरल्या, एवढाच अनुभव. पहिल्याच दिवशी पांढऱ्या टोपीतल्या एका माणसाला मी कप्तान ठरवून टाकलं आणि त्याचं तोंड भरून कौतुक केलं. बाकीचे आरडाओरडा करतात, हा मात्र ढिम्म. (असा एखादा घरात हवा, असंही मी म्हणाले.) यांनी विश्वासाने लिहिलं, कप्तानाने दिवसभर संयम सोडला नाही. खरा कप्तान दिवसभर सगळ्यांच्या अंगावर ओरडत होता. कक्षात हशा पिकला, यांचे कान लाल झाले. पण चूक लपवतील ते हे कसले? दुसऱ्या दिवशी छापलं, ‘काल ज्यांचं कौतुक केलं ते कप्तान नसून पंच होते. कौतुक कायम आहे.’ पंच स्वतः जिना चढून आले. आजवर आमच्याबद्दल कुणी बरं लिहिलंच नव्हतं म्हणाले आणि डोळे पुसत गेले. तेव्हापासून हे मला दर षटकाला विचारतात, तुझं काय म्हणणं? एवढ्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आला, वन्सं.

थोरल्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. ऑपरेशनला हे तयार होत नाहीत. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. येऊन जरा कान धरा.

पुन्हा ता. क. पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ‘मी तर कधीच हो म्हटलंय. तारीख तूच पुढे ढकलतेस.’ खरं आहे. जन्मभर हे दौऱ्यावर आणि मी घरी, आता कुठे शेजारी बसायला मिळतंय. यांना नीट दिसायला लागलं की मी परत घरी. पण माझ्या हौसेपायी त्यांची नजर गेली तर मी कुठल्या तोंडाने जगू? उद्या जाऊन तारीख घेते. त्या दिवशी दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, माझ्याजवळ बसायला तुम्ही या.